उदाहरणासाठी घेतलेलं नाव

दीपनगर,
७ जुलै २०२५

नीलेशभाऊ,

तुम्ही मला ब्लॉक केलं आहे, म्हणून हे कागदावर. पाकीट उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. पण वरचं अक्षर कुणाचं हे उघडण्याआधीच ओळखाल, कारण ते तुमच्याच घरी, तुमच्याच टेबलावर सुधारलं.

ही माफी नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढच्या ओळींत तुम्ही ती शोधणार नाही.

लिहिण्याचं कारण असं की नाना काल तुमच्याकडे देवपूरला येऊन गेले. पारोळ्याला एसटीतून उतरल्यावर त्यांनी मला फोन केला. आबांनी चहा समोर ठेवला पण बोलले काही नाहीत, असं म्हणाले. निघताना दारात सांगितलं, की यंदा देवपूरला वेगळी कानबाई बसेल, नवा नारळ आणणार. हे सांगून झाल्यावर नानांनी मला तिकडे पाऊस कसा आहे ते विचारलं. मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

वेगळ्या नारळाचा अर्थ तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे. तरी लिहिते, कारण लिहिलं की तो टाळता येत नाही. आपल्या भाऊबंदांची कानबाई एक आहे, ती श्रावणात गावी नारळाच्या रूपात बसते. नारळ वेगळा झाला की तिच्या नैवेद्याचे रोटही वेगळे. रोट वेगळे झाले की तुमच्या घरचा रोट आम्हाला चालणार नाही आणि आमचा तुम्हाला. भाऊबंद म्हणजे ज्यांना एकमेकांचा रोट चालतो ते. आपल्याकडे याहून वेगळी व्याख्या नाही. एकदा फुटलेली कानबाई कुणी परत एक केल्याचं मी ऐकलेलं नाही. तुमचे आबा आणि माझे नाना सख्खे भाऊ आहेत. त्यांच्या हयातीत हे होणार, आणि तेही व्हॉट्सॲपवरच्या एका दुपारच्या वादामुळे.

म्हणून ती दुपार मी छापून घेतली. आमच्या वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात कामाची पद्धत अशीच आहे. मोठं यंत्र थांबलं की पाठोपाठ अलार्म येतात, पडदा भरून जातो. सगळे खरे असतात. पण पहिला कोणता वाजला ते सापडल्याशिवाय बाकीच्यांना काही विचारून उपयोग नसतो. तसं मी आपल्या ग्रुपचं केलं. जी वाक्यं रीतीबद्दल आहेत त्यांना खूण नाही. जी माणसाबद्दल आहेत त्यांना लाल खूण.

सुरुवात माझी. मी विचारलं होतं: रोटांचे गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. देवी बाई आहे, दळणाऱ्या बाया, भाजणाऱ्या बाया, मग मोजणीत बाई का नाही? खूण नाही.

तुम्ही: "ही रीत आहे. रीतीला कारण विचारत नाहीत." खूण नाही.

मी: "कारण नसेल तर बदलता येते." खूण नाही.

तुम्ही: "कारण नाही असं नाही. तुला माहीत नाही."

मी: "मग सांगा. की तुम्हालाही माहीत नाही?"

या दोन्हींना मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आहे. ही माणसांकडे वळलेली वाक्यं आहेत, पण अजून रीतीवरच उभी आहेत. पुढचं तुमचं: "पगार सुरू झाला की काही जणांना देवाच्याही चुका दिसायला लागतात." पहिली लाल खूण इथे. यात रीत कुठेच नाही. फक्त मी आहे, आणि तेही 'काही जण' होऊन.

त्यानंतर मी जे लिहिलं ते उदाहरण होतं. गावात ते वेगवेगळ्या रूपांत फिरतं आहे, म्हणून मूळचं देते: "या रीतीने नीलेशभाऊंच्या घरची मूठ त्यांच्यानंतर बंद होईल. दोन मुली असताना या घरात कुणी नाही, असं देवीला सांगायचं का?"

हे विधान चूक नाही. तुम्हाला मुलगा नाही, आणि रीत तीच राहिली तर असंच होईल. आक्षेप रीतीवर होता. तो तुमच्या बाजूने होता, मयुरीच्या आणि धाकटीच्या बाजूने होता.

त्यावर तुम्ही: "आमच्या मुठीची काळजी नको. तिसाव्या वर्षीसुद्धा जिला घर मिळालं नाही, तिने दुसऱ्याच्या घरची माणसं मोजू नयेत."

हे उदाहरण नव्हतं.

कानबाई तीन ऑगस्टला आहे. तोवर आबांना थांबवणं तुमच्या हातात आहे. त्यासाठी माझ्याशी बोलायची गरज नाही.

हेमांगी


दीपनगर,
१५ जुलै २०२५

नीलेशभाऊ,

पत्र मिळालं हे मला वहिनींच्या फोनवरून कळलं. त्यांनी सांगितलं की तुम्ही ते वाचून घडी घातली आणि शाळेत गेलात. संध्याकाळी त्यांनी वाचलं. मग मला फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "काय गं, लाल पेन कुठलं वापरतेस? आमच्या मास्तरांचंच नेलंस वाटतं जाताना."

मला हसू आलं नाही, पण त्यांनी फोन लावला म्हणून बरं वाटलं. मोहिनीवहिनी रागावल्या की आधी टोमणा मारतात. नुसत्या शांत राहिल्या असत्या तर काळजी होती.

त्यांच्याकडून मला दोन गोष्टी समजल्या. त्यांतली एक तुम्हाला माहीत नसेल, म्हणून ती आधी.

माझ्या त्या वाक्याखाली नानांनी जोडलेले हात टाकले आहेत. मी छापलेल्या कागदावर ते आलेलं नाही, म्हणून माझ्या नजरेतून सुटलं. वहिनी म्हणाल्या, आबांना वाक्यापेक्षा ते लागलं. आपल्या घरची मूठ बंद होईल म्हटल्यावर सख्खा भाऊ हात जोडतो, म्हणजे त्यालाही तेच हवं आहे, असा आबांनी अर्थ घेतला. नाना देवपूरला आले तेव्हा आबा बोलले का नाहीत ते मला आता कळलं.

भाऊ, नाना सगळ्यांनाच हात जोडतात. फोन मीच घेऊन दिला आणि अंगठा कसा दाबून ठेवायचा ते मीच शिकवलं. ग्रुपवर काहीही आलं की ते हात जोडतात, कारण आलेल्या माणसाला नमस्कार करावा असं त्यांना वाटतं. जीवरामकाकांची म्हैस मेली त्यालाही त्यांनी हात जोडले होते, आणि कापसाच्या भावाच्या बातमीलाही. तुम्ही मला जे लिहिलंत, तिसावं वर्ष आणि घर, त्याच्याखालीही नानांचे जोडलेले हात आहेत. वर जाऊन बघा. त्यांचं वाचन सावकाश चालतं. अर्धं वाचून होण्याआधी नमस्कार झालेला असतो. हे आबांना दाखवा. माझ्यासाठी नको, नानांसाठी.

दुसरी गोष्ट. वहिनी म्हणाल्या, "हेमा, तू हिशेब मांडला असशील. या घरात तो कसा ऐकू आला ते तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस. तू इथेच होतीस."

मी तिथेच होते. कॉलेजची सहा वर्षं मी देवपूरच्या घरात काढली. तुमच्या बाळाची पहिली कानबाई मला माहीत आहे. गावी नाना मूठ मोजत होते, तेव्हा तुम्ही त्याला मांडीवर घेऊन त्याचा हात गव्हात बुडवला होता. पाचसहा दाणेच आले होते. सगळे हसले आणि नानांनी ते दाणे पूर्ण मूठ म्हणून धरले. पुढच्या श्रावणात तो नव्हता. नाना तुमचं नाव घेऊन थोडे थांबले आणि मग पुढच्या घराकडे गेले. तुम्ही उठून बाहेर गेलात. मी गव्हाच्या पायलीत हात घालून उभी होते.

वहिनी म्हणाल्या, मुलीच असलेलं घर भाऊबंदात आपलं एकटंच नाही, जीवरामकाकांना तीन मुली आहेत, त्यांचं नाव का नाही घेतलंस. मी म्हणाले, सुचलं नाही.

त्या भाजी करपेल म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तुमच्या वाक्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

हेमांगी


दीपनगर,
२४ जुलै २०२५

नीलेशभाऊ,

हे पत्र लिहिण्याआधी मी एक पत्र लिहून फाडलं. त्यात मी तुमच्यावर आरोप केला होता.

फेसबुकवर कानबाईच्या भक्तांचं म्हणून एक पान चालतं. त्यावर गेल्या शुक्रवारी माझ्या त्या वाक्याचं चित्र आलं. वरची तुमची वाक्यं कापलेली, खालचीही कापलेली, आणि 'नीलेशभाऊंच्या' या शब्दावर काळी पट्टी. उरलं ते एवढंच, की या रीतीने घरची मूठ बंद होईल. वर मथळा होता: 'कानबाईला शाप देणारी उच्चशिक्षित मुलगी.' आधी प्रश्न होता हे त्या चित्रावरून कळत नाही. उत्तर देणारं कुणी होतं हेही कळत नाही.

पहिल्या दिवशी लोक रीतीबद्दल बोलत होते. काही जण माझ्या बाजूनेही होते. एकाने लिहिलं, आमच्याकडे मुलींचीही मूठ घेतात. दुसऱ्याने लिहिलं, मग तुमची कानबाई खरी नाही. तिसऱ्याने विचारलं, खरी नाही म्हणणारे तुम्ही कोण. मग गाव विचारलं, मग जात विचारली, मग त्यांच्यात मूठ मागेच पडली आणि ते एकमेकांच्या आयांवर गेले. आपल्याला जे करायला अख्खी दुपार लागली ते त्यांनी पाच ओळींत केलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझं नाव, फोटो आणि मी कुठे नोकरी करते ते टाकलं. सोमवारी कार्यालयात फोन आला, अशी बाई सरकारी पगारावर कशी. साहेबांनी मला बोलावून घेतलं, दार लोटलं आणि विचारलं, काय प्रकार आहे. मी सांगितलं, घरगुती आहे. ते म्हणाले, घरगुती असतं तर फोन मला आला नसता. बोलणं तिथेच संपलं, पण हजेरीच्या वेळी आता मंडळी माझ्याकडे बघून बोलायची थांबतात.

मला वाटलं हे चित्र तुम्ही दिलं. फाडलेल्या पत्रात हेच होतं. अक्षर खूप सुवाच्य आलं होतं, म्हणजे मी रागात होते.

काल संध्याकाळी नाना फोनवर म्हणाले की ते चित्र जीवरामकाकांच्या पुतण्याने, नवलने टाकलं. त्यानेच पट्टी मारली. भाऊचं नाव झाकलं म्हणजे आपण मोठं शहाणपण केलं असं त्याला वाटलं. गंमत म्हणून टाकलं म्हणाला. नानांनी त्याला बोलावून विचारलं तेव्हा तो रडला. मग मी ते पान पुन्हा उघडलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं.

तिथे तुम्ही स्वतःच्या नावाने लिहिलं आहे: "ती माझी बहीण आहे. झाकलेलं नाव माझं आहे. भांडण आमच्या घरातलं आहे, आम्ही बघू. हे काढून टाका."

तुमच्या वाक्याखाली आलेली उत्तरंही मी वाचली. सगळी इथे उतरवणार नाही. एक उतरवते, कारण ते टाळलं तर पत्र लिहायचं कारणच राहत नाही. त्या माणसाला आपण कुणी ओळखत नाही. त्याने लिहिलं आहे, "ज्याच्या घरची मूठच बंद होणार त्याला देवी काय आणि बहीण काय."

ते माझं वाक्य आहे, भाऊ. शब्दसुद्धा माझेच आहेत. मी ते तुमच्या बाजूने लिहिलं असं पहिल्या पत्रात म्हटलं होतं. अनोळखी माणसाला ते उचलून तुमच्यावर फेकायला काहीच बदलावं लागलं नाही. एखादं अवजार दुसऱ्याच्या हातात इतकं नीट बसतं, तेव्हा ते कशासाठी बनवलं होतं याबद्दल बनवणाऱ्याने वाद घालू नये.

मी त्या पानावर काही लिहिलेलं नाही. दोनदा लिहायला घेतलं. दोन्ही वेळा वाक्य बरोबर होतं, आणि दोन्ही वेळा त्यात तुमचं नाव येत होतं.

आबांचं काय ठरलं ते कुणी मला सांगत नाही. आजपासून पाहिलं तर मध्ये एकच रविवार राहिला आहे.

हेमांगी


दीपनगर,
३१ जुलै २०२५

नीलेशभाऊ,

आबांचा निरोप मिळाला. नाना फोनवर तो सांगायला तयार नव्हते, मीच जसा आहे तसा सांगा म्हटलं. मग त्यांनी आबांच्याच शब्दांत सांगितला: "कानबाई एकच बसी. पन आवंदा तिनी येवानं नई."

म्हणजे नारळ नवा येणार नाही. तुम्ही सगळे शनिवारी गावी येणार, गहू एकत्र मोजले जाणार, रोट एका चुलीवर होणार. आणि मी यायचं नाही.

नाना म्हणाले की त्यांनी आबांना विचारलं, पोरीचा दोष एवढा का. आबा म्हणाले, दोषाचं नाही, ती समोर दिसली की मला ते ऐकू येतं. यावर वाद घालता येईल असं मला काही दिसत नाही. दोष असता तर मी घातला असता.

जोडलेल्या हातांचं तुम्ही आबांना दाखवलंत हेही नानांकडून कळलं. तुमच्या वाक्याखालचे हात बघून आबा म्हणाले, "हाऊ तं बठ्ठासले हात जोडस." आणि फोनवर दोघे भाऊ हसले. नाना मला हे सांगतानाही हसत होते. महिन्याभरात पहिल्यांदा.

मी रविवारी ड्यूटी मागून घेतली आहे. कोणाला तरी सुट्टी हवीच होती, त्याला आनंद झाला. आईने विचारलं, रोटांबरोबरची गंगाफळाची भाजी पाठवू का कुणासोबत. मी नको म्हटलं. रोट तर पाठवता येणारच नाही, परक्याच्या हातात देत नाहीत. नुसती भाजी घेऊन काय करू.

लहानपणापासून एकही कानबाई चुकली नव्हती. परीक्षेच्या वर्षी तुम्ही मला स्कूटरवर बसवून पहाटे गावी नेलं होतं आणि दुपारी पेपरला परत आणलं होतं. हे मी तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तसं वाटत असेल तर ही ओळ सोडून द्या.

कानबाई फुटली नाही. मला जे हवं होतं ते झालं आहे.

हेमांगी


दीपनगर,
६ ऑगस्ट २०२५

नीलेशभाऊ,

काल तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी दिलं नाही. तुम्हाला बस गाठायची होती हे एक कारण झालं. दुसरं असं की मला तोंडाने नीट सांगता येत नाही. हे उत्तर आहे. त्याआधी कालचं थोडं लिहिते, कारण तुम्ही गेल्यावर मी ते बराच वेळ तपासत बसले होते.

वसाहतीच्या फाटकावरून सुरक्षारक्षकाचा फोन आला, तुमचे भाऊ आलेत, आत या म्हटलं तर येत नाहीत. मी आले तेव्हा तो तुम्हाला म्हणत होता, "भाऊ आहात ना सख्खे? मग पाहुण्यासारखे उभे का?" तुम्ही त्याला सख्खा की चुलत ते सांगितलं नाहीत. हातात स्टीलचा डबा होता. मला वाटलं आईने भाजी दिली. तुम्ही म्हणालात, रोट आहेत, आबांनी दिले.

मी विचारलं, आबा काय म्हणाले. तुम्ही सांगितलं: सोमवारी देवी बोळवून नदीवरून आल्यावर रोटांचे वाटे करायला बसले, तेव्हा म्हणाले, "तिना वाटाना ऱ्हाई ग्यात." तिच्या वाट्याचे राहिले, एवढंच. परक्याच्या हातात देता येत नाहीत म्हणून तुम्ही गावाहून स्वतः निघालात, जळगावला बस बदलून आलात, आणि डबा परत न्यायचा म्हणून मी तिथेच खावं असं म्हणालात.

फाटकाच्या आतल्या बाकावर मी खाल्ले. तुम्ही रस्त्याकडे तोंड करून बसला होतात. रोट जरा कडक झाले होते. भाजीत तिखट कमी होतं, म्हणजे ती वहिनींनी केली. खाताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, तुमच्याही आली असेल. लेक सासरी गेली की तिला माहेरचा रोट चालत नाही. मला तुमच्या शब्दांत 'घर मिळालं' असतं, तर तुम्हाला हा डबा आणता आला नसता. मी तेव्हा हे बोलले नाही. तुमचं ते वाक्य मी अजून माफ केलेलं नाही, आणि तुम्ही ते मागे घेतलेलं नाही. डबा आणणं म्हणजे मागे घेणं असा अर्थ मी काढणार नाही. तुम्हाला तसं म्हणायचं असेल तर म्हणा.

मग तुम्ही डबा धुवायला नळावर गेलात, परत आलात आणि उभ्यानेच विचारलंत.

"मुद्दा तुना बरोबर व्हता. पन मनंच नाव काबर लिधं?"

ग्रुपवर आणि शाळेत तुम्ही पुस्तकी बोलता. माझंच नाव का घेतलंस, हे तुम्ही घरच्या बोलीत विचारलंत, म्हणून मला टाळता आलं नाही आणि बोलताही आलं नाही.

उत्तर असं. वहिनींना मी सांगितलं होतं की जीवरामकाकांचं नाव सुचलं नाही. ते खोटं होतं. सुचलं होतं. वाक्य आधी त्यांच्याच नावाने लिहिलं होतं, 'जीवरामकाकांच्या घरची'. पाठवण्याआधी ते नाव काढून तुमचं घातलं. काकांचं नाव राहिलं असतं तर तुम्ही मुद्द्याला उत्तर दिलं असतं. तुमच्याकडे उत्तर होतं किंवा नव्हतं, पण तुम्ही दिलं असतं, आणि वाद पुढे चालला असता. मला त्या क्षणी उत्तर नको होतं. तुम्ही गप्प बसायला हवे होतात. पगाराचं वाक्य मला लागलं होतं.

बाळ आठवलं होतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत. आठवलं होतं. नाव बदलताना आठवलं, आणि मी थांबले नाही.

म्हणजे पहिल्या पत्रातली लाल खूण चुकीच्या जागी नाही, पण तिचा उपयोग मी चुकीचा केला. पहिला अलार्म तुमचा होता म्हणून पुढचं सगळं त्याच्या खात्यावर टाकलं. यंत्राच्या बाबतीत ते चालतं, कारण मधली कुठलीच कळ थांबून विचार करू शकत नाही. मी करू शकत होते.

प्रश्न मी मागे घेत नाही. देवीसमोर गहू मोजताना मुलींना का वगळतात हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा विचारेन. ग्रुपवर नाही, गहू घेताना, सगळे समोर बसलेले असताना. तिथे माणसाचं तोंड दिसतं. आबांची हरकत असेल तर आधी त्यांना विचारून.

त्या पानावर काल मी लिहिलं. तुमचं नाव न घेता एवढंच लिहिलं, की हे वाक्य माझं आहे, एका घराला दुखवून लिहिलेलं आहे, आणि ज्यांनी ते दुसऱ्या कुणावर वापरलं त्यांनी आधी ते माझ्याकडून घेतलं होतं हे लक्षात ठेवावं. खाली काय आलं ते मी वाचलेलं नाही.

आता शेवटचं, आणि हे पत्र खरं म्हणजे यासाठीच आजच टाकायचं आहे.

मयुरीने मला मेसेज केला आहे. तुम्ही ब्लॉक केलंत, पण तिच्या फोनवर माझा नंबर आहे, हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. तिच्यावर रागावू नका. तिने ते पान पाहिलं आहे, तुमचं वाक्य आणि त्याखालचं त्या माणसाचं वाक्य, दोन्ही. ती विचारते, "आत्या, आपल्या घरची मूठ बंद होणार म्हणजे काय? पप्पांना काही होणार आहे का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिला दिसलं असेल की मी वाचलं आहे, त्यामुळे ती वाट बघत असणार.

मी लिहायला घेतलं होतं. सव्वा मूठ म्हणजे काय, ती कुणाच्या नावाने घेतात, कधी घेत नाहीत. चार वाक्यं झाली. चारही बरोबर होती. मी ती पाठवली नाहीत. भाऊ, हे तिला तुम्ही सांगा. समोर बसवून, घरच्या बोलीत, आणि जमलं तर बाळाचा हात गव्हात बुडवला होता तेही. मी सांगितलं तर त्यात चूक एकही नसेल, आणि ती रात्रभर झोपणार नाही.

हेमांगी